बांधणीला गेलेली पुस्तकं

मराठी वाचनालयाचं कपाट लांबूनच ओळखू येतं. तपकिरी नाहीतर काळपट हिरवं रेक्झिन, कण्याला लाल कापड, कापडावर पांढऱ्या रंगात घातलेला दाखल क्रमांक. कादंबरी असो, चरित्र असो, पाकशास्त्र असो की ज्ञानेश्वरीवरचं निरूपण असो, सगळ्यांना एकच गणवेश. नाव हवं असेल तर पुस्तक ओढून काढायचं आणि आतलं पान उघडायचं. तेही पान जागेवर असेलच असं नाही.

या गणवेशामागे वाईट हेतू अजिबात नाही. पुस्तक टिकावं, चार हातांत जास्त फिरावं, म्हणूनच ते बांधणीला जातं. पण वर्षानुवर्षं बाइंडरकडे गठ्ठे धाडल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. फाटकं पुस्तक वापरात आणणं हे एक काम, आणि जुनं पुस्तक आहे तसं पुढच्या पिढीला पोचवणं हे अगदी निराळं. आपण ही दोन्ही कामं एकाच गठ्ठ्यात, एकाच दरानं, एकाच माणसाकडे पाठवतो आणि कुठल्या पुस्तकाला काय हवंय हे ठरवायची तसदी कोणीच घेत नाही.

मी शाळेत मराठी शिकवायचे. ग्रंथपालाचं पद मंजूर नव्हतं, म्हणून कपाटांच्या किल्ल्या आपसूक माझ्या पर्समध्ये आल्या. निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर घेतलं, तेव्हाही 'बाईंना बांधणीचं कळतं' म्हणून तेच खातं गळ्यात पडलं. आमचं गाव कोकणातलं. त्यामुळे काम मे महिन्यात उरकायचं, पाऊस लागायच्या आत. एकदा मिरग पडला की खळ वाळत नाही आणि पुठ्ठे वाकडे होतात.

आमचे बाइंडर बाजारपेठेच्या मागच्या आळीत बसतात. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही. वडिलांपासूनचा धंदा. आता पुस्तकांवर पोट चालत नाही. बिलबुकं, पावतीपुस्तकं, सोसायटीच्या खतावण्या, कॉलेजच्या पोरांचे स्पायरल केलेले प्रोजेक्ट, यांवर दुकान चालतं. वाचनालयाचा गठ्ठा म्हणजे मधे येणारं, वेळखाऊ आणि उधारीचं काम. अनुदान जमा झाल्याशिवाय आम्ही पैसे देत नाही, हे त्यांना पाठ आहे.

त्यांच्याकडे बसून एक पुस्तक बांधताना पाहावं. जुनं, चांगल्या छापखान्यातून निघालेलं पुस्तक असलं तर ते फर्म्यांचं असतं. मोठा कागद छापून, घड्या घालून केलेले सोळा-सोळा पानांचे जुडगे, आणि प्रत्येक जुडग्याच्या घडीतून दोरा गेलेला. मामा आधी कण्यावरचा वाळलेला सरस ओल्या फडक्यानं भिजवतात. मग थांबतात. सगळं कसब या थांबण्यात आहे. घाई केली की घडीचा कागद सरसाबरोबर सोलून निघतो. दहा-पंधरा मिनिटांनी बोथट सुरीनं तो जेलीसारखा झालेला थर खरवडून काढतात, जुना दोरा कापतात आणि एकेक फर्मा सुटा करतात. घडीवर फाटलेल्या पानांना पातळ कागदाची बोटभर पट्टी खळीनं लावायची, वाळवायची, हाडाच्या पट्टीनं घडी पुन्हा धारदार करायची, आणि दोन-तीन आडव्या फितींवर सगळे फर्मे परत शिवायचे. याला जुजबंदी म्हणतात. अशी शिवलेली प्रत टेबलावर उघडी ठेवली की उघडीच राहते, बोटानं दाबून धरावी लागत नाही.

आणि दुसरी रीत म्हणजे टोचणी. सगळी पानं एकत्र ठोकून सारखी करायची, कण्यापासून आत बोटभर अंतरावर दाभणानं आरपार भोकं पाडायची, दोरा ओवून करकचून गाठ मारायची. वर पुठ्ठा, रेक्झिन, शिकंज्यात रात्रभर दाब, सकाळी तिन्ही बाजूंनी कटिंग. काम झटपट होतं, पुस्तक दगडासारखं मजबूत. पण आतला समास गाठीखाली गेलेला, बाहेरचा कटिंगमध्ये गेलेला. वाचणारा पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून ओळीचा शेवटचा शब्द शोधत बसतो. दहा वर्षांनी तेच पुस्तक परत बांधणीला आलं तर पुन्हा टोचणी, पुन्हा कटिंग. आमच्याकडे काही पुस्तकं अशी आहेत की ज्यांच्या पानावर आता फक्त मजकूर उरलाय, कागद असा नाही. एका प्रतीच्या समासात कोणा जुन्या सभासदानं शिसपेनीनं बारीक अक्षरात टिपा लिहिल्या होत्या. त्यांतली निम्मी अक्षरं कटिंगवाल्याच्या रद्दीत गेली.

टोचणी वाईट आहे असं मात्र माझं म्हणणं नाही. आजकालची बहुतेक पुस्तकं 'परफेक्ट बाइंडिंग'ची असतात, म्हणजे घड्याच कापून टाकलेल्या, सुटी पानं गरम गोंदात बुडवून कव्हरला चिकटवलेली. नाव परफेक्ट ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. दोन उन्हाळे गेले की गोंदाला तडा जातो आणि पुस्तकातून पत्त्यांसारखी पानं गळतात. अशा पुस्तकात शिवायला घडीच नसते. मामांनी टोचणी नाही तर काय करायचं? लोकप्रिय कादंबरीची प्रत, जी दुकानात अजून मिळते, तिला खुशाल टोचा. ती वाचून वाचून संपावी, हेच तिचं भाग्य.

तक्रार आहे ती मुखपृष्ठाची. बांधणीत पहिला बळी त्याचा जातो. मूळ कव्हर फाटलेलंच असतं, वर नवा पुठ्ठा येणारच असतो, मग ते ठेवायचं कशाला? त्यामुळे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर अशांच्या कुंचल्यातून उतरलेली कितीतरी मुखपृष्ठं गावोगावच्या वाचनालयांतून बाइंडरच्या रद्दीत गेली. दोघेही मूळचे गोव्याचे, दोघांनीही मराठी घरांना चित्र बघायची सवय लावली. एकेकाळी ज्यांच्या चित्रासाठी अंक विकत घेतला जायचा, त्यांचं चित्र तेवढं काढून टाकून आम्ही अंक जपले.

मासिकांच्या फायलींचं तर विचारूच नका. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि तिथून मराठीतली ही परंपरा सुरू झाली. त्यानंतर शंभराहून जास्त दिवाळ्यांचे अंक छापले गेले. ग्रंथालयांनी ते वर्षावर्षाच्या फायली करून बांधले, ही फार मोठी गोष्ट. नाहीतर आज एकही हाती लागला नसता. पण फाइल जाड होते म्हणून बाइंडर काय काढतो? कव्हर आणि जाहिरातींची पानं. कथा तर पुढे संग्रहात पुन्हा छापून येते. केसांच्या तेलाची, सायकलीची, आगबोटीच्या वेळापत्रकाची जाहिरात कुठल्याही संग्रहात येत नाही. त्या काळातली बाई काय विकत घेत होती, घरात काय नवं येत होतं, हे शोधणाऱ्या माणसाला हवी असतात ती नेमकी हीच पानं.

मी मामांना एकदा यावरून छेडलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही सांगाल तसं करतो. पण सांगा तरी. गठ्ठा येतो, वर चिठ्ठी असते, नग इतके. बास."

याला उत्तर नव्हतं.

खळीबद्दल थोडं सांगते, कारण तिथे अर्धा प्रश्न दडलाय. मामांची खळ मैद्याची. मैदा थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पांढरेपणा जाऊन तकाकी आली की उतरवायचं. त्यात चिमूटभर मोरचूद. काही ठिकाणी तुरटीही घालतात. का, तर खळ म्हणजे कसरीचं पक्वान्न. कोकणातल्या कपाटात कसर, झुरळं आणि वाळवी यांचं त्रिकूट बारमाही मुक्कामाला असतं आणि साधी खळ लावलेलं पुस्तक त्यांना आधी सापडतं. मोरचूद घातली की फिरकत नाहीत. हे शहाणपण पिढ्यांचं आहे आणि शाळेच्या पुस्तकाला अगदी योग्य आहे.

पण जतनाचं शास्त्र शिकलेली माणसं ही खळ जुन्या कागदाला लावू देत नाहीत. तुरटी कागदात आम्ल वाढवते आणि मोरचुदातलं तांबं कागदाची झीज वेगानं घडवून आणतं. ते लोक गव्हाचं निव्वळ सत्त्व शिजवून, त्या दिवसापुरतीच खळ करतात आणि फाटलेल्या जागी जपानी टिश्यू लावतात. तुतीच्या जातीच्या झाडाच्या लांब धाग्यांचा हा कागद इतका तलम असतो की खालचं अक्षर त्यातून वाचता येतं. यामागचा नियम एकच: आज केलेलं उद्या कोणाला उलटवता आलं पाहिजे. खळ पाण्यानं सुटते. पांढरा डिंक, ज्याला आपण सरसकट फेव्हिकॉल म्हणतो, एकदा वाळला की सहजी सुटत नाही. नव्या पुस्तकाच्या कण्याला तो ठीक आहे. शंभर वर्षांच्या पानावर तो कायमचा. आणि चिकटपट्टीबद्दल तर बोलायलाच नको. वाचनालयातल्या उत्साही स्वयंसेवकानं प्रेमानं लावलेली चिकटपट्टी पाच-सात वर्षांत पिवळी पडते, वरचं प्लास्टिक गळून जातं आणि खालचा चिकट तेलकट डाग अक्षरांसकट कागदात मुरतो.

कागद कुठल्या काळातला, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. लोकांना वाटतं जितकं जुनं तितकं नाजूक. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट. चिंध्यांपासून हातानं केलेला कागद, जुन्नरचा म्हणा, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा म्हणा, दोनशे वर्षांनंतरही लवचीक राहतो. जुन्या पोथीचं पान आजही हाताळता येतं. खरा घोळ सुरू झाला एकोणिसाव्या शतकात, जेव्हा लाकडाचा लगदा आला आणि शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी पडू लागली. या कागदाच्या पोटातच आम्ल असतं. त्यात दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी कागदाची टंचाई झाली, मिळेल त्या कागदावर छापलं गेलं. आमच्या वाचनालयातली चाळीसच्या दशकातली पुस्तकं म्हणूनच सर्वांत वाईट अवस्थेत आहेत, त्यांच्या आज्यांपेक्षाही.

ओळखायची रीत सोपी आहे. पानाचा कोपरा हलकेच दुमडायचा, परत सरळ करायचा, पुन्हा उलट बाजूला दुमडायचा. दोन-तीन वेळा असं करताना कोपरा तुटून हातात आला तर त्या पुस्तकाला टोचणी म्हणजे फाशी. दोरा मजबूत आणि कागद बिस्किटासारखा ठिसूळ. पान उलटलं की दोऱ्याच्या रेषेवर मोडणार. अशा पुस्तकाला बाइंडरकडे पाठवायचंच नाही. मापाची पेटी करायची, कापडात गुंडाळायचं, सपाट ठेवायचं. आपल्याकडे पोथ्या अशाच ठेवायचे: सुटी पानं, वरखाली लाकडी फळ्या, बासन, आत वेखंडाचा तुकडा. शिवण नाही, सरस नाही, कणा नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाचं केंद्र आहे, पुण्याच्या भांडारकर संस्थेत हस्तलिखितांच्या जतनाचं काम चालतं. अगदी दुर्मीळ काही सापडलं तर तिथल्या जाणकारांना विचारावं. पण महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला आणि त्याखाली गावोगावी उभी राहिलेली हजारो वाचनालयं आहेत. प्रत्येकाच्या कपाटात दहा-वीस तरी अशी पुस्तकं निघतील. ती सगळी मुंबई-पुण्याला जाणार नाहीत. त्यांचं जे काही व्हायचं ते गावच्या मामांच्या हातूनच होणार.

शाळेची गोष्ट याच्या अगदी उलटी. शाळेचं पुस्तक जपून ठेवलं तर ते वाया गेलं. आमच्याकडे कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठाकाम असायचं. शोभेच्या वस्तू करून करून मुलं कंटाळली, तेव्हा मी त्यांना वर्गवाचनपेटीतली फाटकी गोष्टींची पुस्तकं दिली. आठवीच्या मुलांनी दाभण, मेणाचा दोरा, रद्दी पुठ्ठा आणि आईच्या जुन्या साडीचं कापड वापरून ती बांधली. पुठ्ठे तिरके, कोपरे फुगलेले, खळीचे डाग सगळीकडे. एका मुलीनं कव्हरला जरीचा काठ लावला. आणि मग एक मजेशीर गोष्ट झाली. मुलं आपण बांधलेलं पुस्तकच घरी न्यायला मागू लागली, आणि दुसऱ्यानं पान दुमडलं की भांडू लागली. सूचनाफलकावरच्या 'पुस्तके नीट वापरा' या वाक्याचा इतका परिणाम मी कधी पाहिला नव्हता.

त्या मुलांपैकी कोणी बाइंडर झालं नाही. होणारही नाही. मामांचा मुलगा पनवेलला नोकरी करतो आणि त्याचं त्यात बरं चाललंय. नगावर मिळणाऱ्या दरात जुजबंदी परवडत नाही, हे साधं गणित आहे. एक पुस्तक सोडवून, पट्ट्या लावून, शिवून द्यायला जो वेळ लागतो त्यात टोचणीची पाच-सहा होतात. दोन्हींना आम्ही सारखाच दर देणार, आणि वर 'हल्ली पूर्वीसारखं काम राहिलं नाही' म्हणून उसासे टाकणार.

पाण्याचं सांगायचं राहिलं. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं. संस्था १८६४ सालची. २००५चा पूरही तिनं पाहिलेला. बातमी ऐकली तेव्हा कोकणातल्या प्रत्येक वाचनालयानं मनातल्या मनात आपापल्या कपाटाच्या खालच्या फळीकडे पाहिलं असेल. भिजलेल्या पुस्तकाला वेळ फार कमी असतो. दोन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं वाळताना एकमेकांना जी चिकटतात ती परत सुटत नाहीत. उन्हात टाकलं तर पुठ्ठा एकीकडे आणि पानं दुसरीकडे वळतात. पंख्याखाली, उभं करून, मधे मधे कोरा शोषक कागद घालून वाळवायचं. ज्याला लगेच हात लावता येणार नाही ते सरळ गोठवायचं, म्हणजे बुरशी थांबते आणि सवड मिळते.

४ नोव्हेंबर १९६६ला इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचं पाणी राष्ट्रीय ग्रंथालयात घुसलं. जगभरचे बाइंडर तिथे गेले आणि पुस्तकदुरुस्तीचं आजचं शास्त्र बरंचसं त्या चिखलातून उभं राहिलं. तिथे त्यांना एक नवल दिसलं. भक्कम पुठ्ठ्याच्या, सरसानं जखडलेल्या पुस्तकांचे हाल झाले होते. पण चर्मपत्राच्या मऊ वेष्टनात, जवळजवळ सरस न वापरता नुसती शिवलेली पुस्तकं बरीच सावरली होती. हे वाचलं तेव्हा मला आमच्या रेक्झिनचा गणवेश आठवला, आणि बासनातल्या पोथ्याही.

आता स्कॅनिंग आलंय, मग बांधणीची चिंता कशाला, असं मंडळातले तरुण सभासद विचारतात. स्कॅन जरूर करावं. राज्य मराठी विकास संस्थेनं दुर्मीळ मराठी ग्रंथ संगणकावर आणलेत, त्यांचा मी स्वतः उपयोग करते. पण करकचून टोचलेलं पुस्तक स्कॅनरखाली पूर्ण उघडत नाही. ओळींचे शेवट काळ्या सावलीत जातात. मग कोणीतरी सुचवतं, कणाच कापून टाकू, पानं सुटी करू. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी पुस्तक वाचवायला मारलेली गाठ सोडवायला आज पुस्तक कापायचं.

म्हणून या वर्षी गठ्ठा पाठवताना आम्ही प्रत्येक पुस्तकात चिठ्ठी घातली. लाल चिठ्ठी म्हणजे टोचा, कापा, मजबूत करा. बाजारात मिळणारी आणि मुलांची पुस्तकं त्यात. निळी म्हणजे जुजबंदी, कटिंग नाही, मूळ मुखपृष्ठ जसं असेल तसं आत पहिल्या पानासारखं शिवायचं, कव्हर आणि जाहिरातींसकट सगळी पानं ठेवायची. दिवाळी अंकांच्या फायली सगळ्या निळ्या. पांढरी चिठ्ठी म्हणजे हात लावायचा नाही, माप घेऊन पेटी करायची. निळ्याला लालच्या दुपटीहून जास्त दर ठरवला. तो ठरवताना सभा दोन तास चालली आणि चहा दोनदा मागवावा लागला.

खजिनदारांना पांढऱ्या चिठ्ठ्या अजिबात पटल्या नाहीत. "पुस्तक बांधायचंच नाही, तर बाइंडरला पैसे कसले?"

मामा दर सांगायला तिथेच बसले होते. म्हणाले, "साहेब, न बांधायला जास्त लक्ष द्यावं लागतं."

दिवाळी अंकांची सगळी पानं ठेवल्यावर एका वर्षाच्या फायलीचे दोन खंड होतात, म्हणजे खर्च दुप्पट, हे सभेत कोणाच्या लक्षात आलं नाही. मामांच्या आलं. तूर्त जुन्यातली जुनी वर्षं आधी करायची, बाकीची पुढच्या मे महिन्यात, असं त्यांचं माझं ठरलंय. पेट्या बिलावर 'बांधणी साहित्य, कापडासह' अशा लिहिल्या आहेत, म्हणजे लेखापरीक्षणात अडायला नकोत.